पेरू नावाचा पक्षी: मेक्सिको, गोवा, आग्रा आणि साक्रीहून आलेला एक फोन

आजचा धागा एका पक्ष्याचा आहे आणि तो सुरू होतो साक्रीतल्या एका स्वयंपाकघरात.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मावशीला व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे दिवेलागण, तिच्याकडे सकाळचे आठ. त्या दिवशी थँक्सगिव्हिंग होते, पहिल्यांदाच तिच्या घरी दहा माणसे जेवायला यायची होती, आणि ओट्यावर बारा पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोंची टर्की पडलेली होती. वरून मऊ, पोटात हात घातला तर बर्फ. आदल्या रात्रीच तिने ती फ्रीझरमधून काढली होती. मावशीने उभ्या आयुष्यात गावरान कोंबड्याखेरीज दुसरा पक्षी शिजवलेला नाही. तिने पडद्यावरचे ते धूड नीट न्याहाळले आणि पहिला प्रश्न विचारला, "अगं, मोर तर नाही ना आणलास?"

आम्ही हसलो खरे. पण इतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी रास्त आहे. मागच्या पाचशे वर्षांत ज्या ज्या नव्या माणसाने हा पक्षी पाहिला, त्याला बहुधा आधी मोरच आठवला.

टर्की मूळची मेक्सिकोची. तिथल्या लोकांनी तिला किमान दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत नराचे नाव 'ह्वेशोलोत्ल', आणि त्यावरूनच आजही मेक्सिकोत तिला 'ग्वाहोलोते' म्हणतात. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या माणसांना बाजारात हे पक्षी विकायला बसलेले दिसले. पिसारा फुलवून नाचणारा नर पाहून स्पॅनिश लोकांनी त्याला 'पावो' म्हटले. 'पावो' म्हणजे मोर. पुढे खऱ्या मोराला वेगळे नाव शोधायची पाळी त्यांच्यावर आली.

यानंतरची नावांची गंमत मला फार आवडते. इंग्रजांकडे आफ्रिकेतली गिनी कोंबडी तुर्की व्यापाऱ्यांमार्फत पोचत असे, त्या गोंधळात अमेरिकेचा हा पक्षीही त्यांनी 'टर्की' करून टाकला. तुर्क स्वतः त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच 'दँद' म्हणतात, म्हणजे 'हिंदचा'. डच 'काल्कून' म्हणतात, आणि ते नाव थेट आपल्या कालिकतवरून पडलेले आहे. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला, तुर्कांना हिंदुस्थानचा, डचांना केरळचा, पोर्तुगिजांना पेरू देशाचा. मेक्सिकोचा मात्र कोणालाच वाटला नाही.

पोर्तुगीज नाव हिंदुस्थानातही रुजले. हिंदी-उर्दू कोशांत टर्कीला 'पीरू' किंवा 'पेरू' असा शब्द सापडतो. मराठीत पेरू म्हटले की आपण तिखट-मीठ शोधतो. तेही फळ अमेरिकेचेच, आणि तेही पोर्तुगिजांच्याच जहाजातून आलेले. नाव मात्र 'पेरा', म्हणजे नाशपती, या पोर्तुगीज शब्दावरून आले असे मानले जाते. एकाच बंदरावर दोन प्रवासी उतरले आणि त्यांच्या नावांची सरमिसळ झाली, असे म्हणायला हरकत नाही.

ते बंदर म्हणजे गोवा. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यानंतरच्या शतकात मिरची, मका, अननस, काजू असे कितीतरी अमेरिकी पाहुणे त्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आले. टर्की त्यांच्यातलीच एक.

आता १६१२ साल. दिल्लीच्या नव्हे, आग्र्याच्या दरबारात जहांगीर बादशहा आहे. त्याचा एक विश्वासू माणूस होता मुकर्रबखान. मूळचा वैद्य, अकबराच्या काळापासून दरबारी, आणि आता खंबायत व सुरत या बंदरांचा कारभारी. (विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०८ मध्ये सुरतेला उतरला, तेव्हा त्याला जेरीस आणणारा तो हाच.) बादशहाने त्याला गोव्याला धाडले आणि सांगितले की तिथे ज्या दुर्मीळ वस्तू मिळतील त्या किमतीचा विचार न करता घे. मुकर्रबखान परतला तो नाना विचित्र पशुपक्षी घेऊन. त्यांत एक टर्की होती.

जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात तिचे जे वर्णन केले आहे, ते आजच्या पक्षिनिरीक्षकाने वाचावे असे आहे. लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान, असे तो आकारमान देतो. पुन्हा मोरच! माजावर आला की पिसारा पसरून नाचतो; डोके, मान आणि गळ्याखालची कातडी क्षणाक्षणाला रंग पालटते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी. चोचीवरचा मांसल तुरा कधी हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो. हे सारे खरे आहे. ज्याने जिवंत नर टर्की पाहिली असेल त्याला यातले एकही विधान खोडता येणार नाही.

जहांगीर तिथेच एक मार्मिक गोष्ट नोंदवतो. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रकारांना त्यांची चित्रे काढायला सांगितले नाही. मी दोन्ही करतो आहे. हे काम मन्सूर या चित्रकाराने केले, ज्याला पुढे 'नादिर-उल-अस्र' हा किताब मिळाला. त्याने काढलेली टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एकेक पीस मोजून घ्यावे असे चित्र. आणि एवढ्या बारीक नोंदीत स्वयंपाकाचा शब्दही नाही. बादशहाने पक्षी पाहिला, लिहिला, रंगवून घेतला.

इथे साल पुन्हा पाहा: १६१२. अमेरिकेतले 'पहिले थँक्सगिव्हिंग' मानले जाते ते १६२१ मधले. त्या सोहळ्याच्या नऊ वर्षे आधी टर्की आग्र्यात पिसारा फुलवून उभी होती.

ज्या वाटेने सुरतेचा माल उत्तरेला जाई ती वाट आमच्या दारावरून होती, हेही सांगायला हवे. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यापासून खानदेश मोगलांचा सुभा होता आणि बऱ्हाणपूर त्याचे मुख्य ठाणे. सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे करत काफिले बऱ्हाणपूरला पोचत आणि तिथून आग्र्याला. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच बाजूने बऱ्हाणपूरला गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ लिहून ठेवली. साक्रीहून पश्चिमेला निघून कोंडाईबारीचा घाट उतरला की आजही आपण त्याच पट्ट्यात शिरतो.

त्या नवापूरचे नाव २००६ च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाने ऐकले, पण तांदळासाठी नव्हे. भारतातल्या कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू प्रथम तिथेच आढळला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आमच्याकडे पुढे कितीतरी दिवस कोंबडीला कोणी हात लावत नव्हते, आणि 'पूर्ण शिजले ना?' हा प्रश्न मावशीच्या तोंडी कायमचा बसला तो तेव्हापासून. फोनवरही तिची सारी काळजी तीच होती: आत कच्चे राहील.

ती काळजी बरोबर होती. एवढा मोठा पक्षी अखंड भाजण्यात एक जुनी अडचण आहे. छातीचे मांस लवकर शिजते आणि मग कोरडे पडते. मांडीच्या सांध्यापाशी उष्णता पोचायला फार वेळ लागतो. गोठलेल्या टर्कीला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळायला दर चार-पाच पौंडांमागे एक दिवस लागतो, म्हणजे बारा पौंडांना तीन दिवस. बहिणीने दिली होती एक रात्र.

युरोपात पूर्वी हे भाजणे उघड्या विस्तवासमोर, सळईवर फिरवून होत असे. सळई फिरवायला पोरे ठेवत. इंग्लंडात तर चाकात पळून सळई फिरवणारी कुत्र्यांची एक जातच होती. बंद लोखंडी भट्टी घराघरांत आली ती एकोणिसाव्या शतकात. नाताळच्या मेजावर हंसाची जागा टर्कीने घेतली तीही साधारण त्याच शतकात. डिकन्सच्या १८४३ मधल्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये स्क्रूज शेवटी विकत घेतो ती टर्कीच.

थँक्सगिव्हिंगची कथाही तशीच उशिरा रचली गेली. १६२१ च्या प्लिमथच्या मेजवानीचे जे समकालीन पत्र उपलब्ध आहे, त्यात शिकारीच्या पक्ष्यांचा उल्लेख आहे आणि वाम्पानोआग लोकांनी आणलेल्या पाच हरणांचा. टर्कीचे नाव त्यात नाही. त्या हंगामात रानटर्की भरपूर मिळाल्याचे वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड नंतर लिहितो, एवढेच. भाजलेली टर्की मेजाच्या मध्यभागी आणून ठेवली ती सेरा जोसेफा हेल या लेखिकेने, १८२७ च्या आपल्या कादंबरीत. मग तिने वर्षानुवर्षे राष्ट्रीय सणासाठी पत्रे लिहिली, आणि यादवी युद्धाच्या ऐन भरात, १८६३ मध्ये, लिंकनने तो जाहीर केला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला १९४१ मध्ये.

वाम्पानोआग लोकांची बाजू या गोड कथेत मावत नाही. प्लिमथची वसाहत उभी राहण्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांत परक्या साथीने त्यांची गावेच्या गावे ओस पडली होती, आणि पुढच्या दोन पिढ्यांत उरलेली जमीनही गेली. १९७० पासून त्यांचे वंशज आणि इतर मूलनिवासी याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. सण साजरा करू नये असे मी म्हणत नाही. पण टर्की ज्यांच्या रानातली, त्यांना त्या मेजावर कोणती खुर्ची मिळाली, हे विचारायला काय हरकत आहे?

आपल्याकडे बंद भट्टी नव्हती, म्हणून भाजणे अडले मात्र नाही. गोव्यात बेबिंक करताना झाकणावर निखारे ठेवतात, थर वरून भाजला जातो. नाताळात भरलेला 'पेरू' करणारी घरे तिथे आजही आहेत. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मडके उपडे घालून भोवती जाळ. आणि आम्हा खानदेशी लोकांना अखंड वस्तू भाजायची कला शिकवायला नको. कपाशीच्या काड्यांवर भरताचे वांगे आतपर्यंत शिजले की नाही, हे मावशी देठाजवळ बोट दाबून सांगते.

तेच तिने न्यू जर्सीला सांगितले. देठाजवळ पाहा, म्हणजे जिथे मांडी धडाला जोडलेली आहे तिथे. बहिणीने पक्षी तासभर गार पाण्यात बुडवून ठेवला, दर अर्ध्या तासाने पाणी बदलले. बर्फ तरीही पुरता सुटला नाही. शेवटी मावशीने निर्णय दिला: अखंडपणाचा हट्ट सोड, सांध्यांवर तोड, मांड्या वेगळ्या भाज. भट्टी १६० अंशांच्या पुढे, आणि आतले तापमान ७४ अंश झाल्याशिवाय ताटात नाही. हा दुसरा आकडा बहिणीच्या थर्मामीटरच्या वेष्टनावर छापलेला होता. मावशीने तो ऐकून मान डोलावली, पण बोट दाबून पाहायला सांगितलेच.

छाती थोडी कोरडी झाली. पाहुण्यांनी तक्रार केली नाही. उरलेल्या मांसाचे काय करायचे, याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मावशीने सुके खोबरे आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजायला सांगितले, लाल मिरची, तीळ, खडा मसाला, सारे एकत्र वाटायला सांगितले, आणि त्या काळ्या रश्श्यात तुकडे सोडायला सांगितले.

मित्रांनो, मी त्या वेळी काही बोललो नाही, इथे सांगतो. सोळाव्या शतकात सहागून या पाद्र्याने अझ्टेक सरदारांच्या जेवणाची जी यादी लिहून घेतली, तिच्यात टर्की आहे ती मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया वाटून केलेल्या रश्श्यात. आजच्या मेक्सिकोत सणाला टर्की होते ती 'मोले'मध्ये: सुक्या मिरच्या भाजून, तीळ आणि शेंगदाणे वाटून, काळाभोर होईपर्यंत शिजवलेल्या दाट रश्श्यात. त्यात थोडे चॉकलेटही पडते. मावशीच्या डब्यात ते नव्हते, म्हणून तिने गुळाचा खडा घालायला सांगितला.