साखळी-करवतीची कुळकथा

हिवाळ्यासाठीं सरपण तोडून रचून ठेवणें, हा थंड देशांतील गृहस्थाचा फार जुना उद्योग आहे. त्या उद्योगांत कुऱ्हाड आणि करवत यांची जागा आज बव्हंशीं एका यंत्रानें घेतली आहे. लांबट पात्याच्या कडेनें दांतेरी साखळी वेगानें फिरवून ओंडका कापणारें हें यंत्र म्हणजे साखळी-करवत. ती विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानांत शिरतांच बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो शक्तीचा : इंजिन किती अश्वशक्तीचें? परंतु या यंत्राचा पूर्वेतिहास पाहिला, तर आधीं विचारण्यासारखे प्रश्न निराळेच आहेत असें दिसून येतें.

आश्चर्य असें कीं, या करवतीचा जन्म अरण्यांत झालेला नाहीं. तो शस्त्रवैद्याच्या मेजावर झाला. १८ व्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन व जेम्स जेफ्रे या दोघां स्कॉटिश वैद्यांनीं घड्याळाच्या साखळीसारख्या बारीक साखळीला दांते पाडून आणि तिच्या दोन्ही टोकांस मुठी लावून हाड कापण्याचें एक हत्यार प्रचारांत आणलें. अडलेल्या बाळंतिणीची सुटका करण्यासाठीं, किंवा सडलेला सांधा काढून टाकण्यासाठीं, त्याचा उपयोग होई. पुढें १८३० च्या सुमारास जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें बर्नहार्ड हाइने यानें अशी साखळी एका पात्याभोंवतीं बसविली आणि हातानें दांडा फिरवून ती चालविण्याची युक्ति काढली. ईथर देऊन रोग्यास बेशुद्ध करण्याचा जाहीर प्रयोग १८४६ सालचा. तोंवर मनुष्य शुद्धीवर असतांनाच त्याचें हाड कापावें लागे. छिन्नी-हातोड्याचे घाव व मोठ्या करवतीचे हिसके यांपासून त्याला वांचवावें आणि हाडाभोंवतालच्या मांसास इजा होऊं नये, हा या रचनेचा हेतु होता.

ही कल्पना जंगलांत रुजावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. मध्यंतरीं पुष्कळांनीं खटपटी केल्या. परंतु विशेष यश आलें तें १९२६ सालीं. त्या वर्षीं स्टुटगार्ट येथील आंद्रेआस श्टील यानें विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. तिचें वजन सुमारें ६४ किलो होतें. ती उचलण्यास दोन माणसें लागत, आणि जेथें वीज असेल तेथेंच ती चाले. पुढच्याच वर्षीं एमिल लेर्प यानें पेट्रोलवरची करवत थुरिंगियांतील डोलमार नांवाच्या डोंगरावर चालवून पाहिली व त्या डोंगराचेंच नांव आपल्या यंत्रास दिलें. आतां यंत्र झाडापाशीं जाऊं शकत होतें. पण तें धूड दोघांनीं वाहावें लागे.

इंजिन सुधारत गेलें, तरी दांते मात्र जुन्याच घडणीचे राहिले. ते लांकूड ओरबाडीत, लवकर बोथट होत, आणि त्यांना धार लावण्यास कुशल हात व पुष्कळ वेळ लागे. ही अडचण सुटली ती सरपणाच्याच निमित्तानें. १९४६ च्या शरदृतूंत अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत जोसेफ बुफोर्ड कॉक्स हा लांकूडतोड्या सरपण फोडीत असतां एका खोडांत भुंगेऱ्याची अळी त्याच्या दृष्टीस पडली, असें सांगतात. बोटाएवढी ती अळी, पण टणक लांकूड आडवें-उभें सारख्याच सहजतेनें पोखरीत चालली होती. कॉक्सनें तिचे जबडे निरखून पाहिले. ते ओरबाडीत नव्हते. एक डावीकडे व एक उजवीकडे असे वळलेले ते जबडे आळीपाळीनें लांकडाच्या कपच्या काढीत होते. त्यानें पोलादाचे दांते त्याच धर्तीवर घडविले, आणि १९४७ सालीं पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरांत तशा साखळ्या बनविण्यास आरंभ केला. आजच्या साखळीचें मूळ तेंच. कारखान्यांस जें सुचलें नाहीं, तें एका अळीनें शिकविलें.

१९५० सालीं श्टीलच्या कारखान्यानें एकट्यानें चालविण्याजोगी पेट्रोलची करवत काढली. तिचें वजन १६ किलो होतें. यंत्र हलकें होत गेलें तसें तें घरोघर पोहोंचलें, आणि त्याबरोबर धोकाही पोहोंचला. दिवसभर काम करणाऱ्यांचीं बोटें इंजिनाच्या कंपनानें पांढरीं व बधिर पडूं लागलीं. पात्याच्या शेंड्याचा वरचा भाग कशास अडकला, कीं पातें क्षणार्धांत उसळून चालविणाराच्या तोंडाकडे येई. जें हत्यार देहाची यातना कमी करण्यासाठीं जन्मलें, तेंच देहावर उलटूं लागलें! म्हणून १९६० नंतरच्या दशकांत मुठी आणि इंजिन यांच्यामध्यें रबर घालून कंपन आवरण्यांत आलें. आणि १९७० नंतर, पातें उसळतांच साखळी जागच्या जागीं थांबविणारा ब्रेक आला.

नवी करवत निवडतांना विचारावयाच्या प्रश्नांचा क्रम या इतिहासानेंच घालून दिला आहे. पहिला प्रश्न ब्रेकचा : मुठीपुढची ढाल ढकलतांच साखळी तत्काळ थांबते कीं नाहीं? दुसरा वजनाचा : तासभर धरल्यावरही हात स्थिर राहील काय? तिसरा साखळीचा : तिला घरच्या घरीं कानशीनें धार लावतां येईल काय? धारदार साखळीखालून कपच्या पडतात. बारीक भुगा पडूं लागला, म्हणजे धार गेली असें समजावें. बोथट साखळी जोरानें रेटणें हें अपघातास आमंत्रण होय. अश्वशक्तीचा प्रश्न यानंतरचा. घरच्या सरपणास १४ ते १६ इंची पातें सहसा पुरे होतें; त्याहून लांब पातें म्हणजे हातावर अधिक भार.

जें कापावयाचें तेवढेंच कापावें आणि बाकीचें शाबूत ठेवावें, ही हत्याराची खरी कसोटी. हाइनेनें ती रोग्याच्या देहासाठीं लाविली होती. सरपण तोडणाऱ्यानें ती आपल्या हातापायांसाठीं लावावी.