पोलादाचं भांडं आणि स्फुरदाची मळी

आज पिकाच्या नोंदीऐवजी खताचा थोडा इतिहास लिहितोय.

जर्मनीत डॉर्टमुंड शहराच्या ह्योर्डे भागात मोठा पोलाद कारखाना होता. तो २००१ साली बंद पडला, यंत्रं उचलून चीनला गेली. त्या जागेवर खोदून सुमारे २४ हेक्टरचं तळं केलं, २०१० साली त्यात पाणी सोडलं. तळ्यातल्या छोट्या बेटावर कारखान्याचं एक अवजड लोखंडी भांडं स्मारक म्हणून उभं आहे. आकार नाशपतीसारखा, म्हणून लोक त्याला थॉमसची नाशपती म्हणतात.

हा थॉमस म्हणजे सिडनी गिलख्रिस्ट थॉमस, लंडनच्या कोर्टातला साधा कारकून. दिवसा नोकरी, रात्री रसायनशास्त्राचे वर्ग. त्या काळी युरोपातल्या बऱ्याच खनिजात स्फुरद जास्त, त्यामुळं पोलाद ठिसूळ व्हायचं. थॉमसनं चुलतभावाला सोबत घेऊन युक्ती काढली. भांड्याला आतून डोलोमाईटचं अस्तर, वितळलेल्या लोखंडात चुना आणि बुडातून हवेचा झोत. स्फुरद चुन्याला धरून मळीत उतरला, पोलाद चांगलं निघालं. ह्योर्डेत १८७९ साली याच पद्धतीनं पोलाद काढलं. थॉमस मात्र १८८५ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी वारला.

खरी गंमत पुढं आहे. लोखंडाला नको असलेला तोच स्फुरद पिकाला हवा होता! मळी बारीक दळून 'थॉमस पीठ' नावानं विकली जाऊ लागली. स्फुरद आणि चुना एकदमच मिळायचा, त्यामुळं युरोपातल्या आम्लधर्मी जमिनी आणि कुरणं सुधारली. साखर कारखान्याची मळी आपण शेतात टाकतो, तसंच हे.

पुढं ऑक्सिजनवर पोलाद करायची पद्धत आली, कमी स्फुरदाचं खनिज बाहेरून येऊ लागलं, आणि हे खत मागं पडलं.

आपल्यासाठी दोन गोष्टी. एक, असला स्फुरद पाण्यात विरघळत नाही, जमिनीतल्या आम्लानं हळूहळू सुटतो. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तो चालेल, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पडून राहील. दोन, आजच्या पोलादाच्या मळीत तेवढा स्फुरद नसतो. नुसतं नाव ऐकून कुणी घेऊ नका, पृथक्करण बघा.

स्फुरदाचा बराचसा कच्चा माल आपण परदेशातून आणतो. म्हणून माती तपासल्याशिवाय पोतं फोडू नका. कोकणातल्या बांधवांनी रॉक फॉस्फेटचा अनुभव खाली जरूर लिहावा.