पणजोबा कोणत्या दप्तरात?

जालन्याला कधी गेला असाल, तर सदर बाजार हा भाग तुम्हाला माहीत असेल. जालनेकर दिवसातून दहा वेळा हे नाव घेतात. पण नाव आले कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. सदर बाजार म्हणजे लष्करी छावणीतला मुख्य बाजार. जिथे पलटण, तिथे छावणी आणि जिथे छावणी, तिथे सदर बाजार. जालन्याची छावणी १८२७ मध्ये वसली आणि १९०३ मध्ये उठली. तिला उठून शंभरावर वर्षे झाली, बाजाराचे नाव मात्र टिकले. त्या छावणीत चाकरी केलेल्या हजारो माणसांची नावे त्यांच्या पतवंडांनाही आज सांगता येणार नाहीत.

आपल्याकडे कितीतरी घरांत एक वाक्य ऐकू येते, ‘आमचे पणजोबा पलटणीत होते.’ कोणत्या पलटणीत? ठाऊक नाही. लढले कुठे? बसऱ्याला म्हणे. कधी? इंग्रजांच्या काळात. इथे गोष्ट संपते. ही गोष्ट पुढे नेणारे दोन प्रकारचे कागद आहेत. एक म्हणजे लष्करी नोंदी आणि दुसरा म्हणजे मृत्युपत्रे व त्यांच्यासारखे वारसाहक्काचे दस्त.

हा विषय एके काळी हौसेचा होता. कुलवृत्तांत छापणारी काही मंडळी तो करीत. २०२३ मध्ये मात्र तो जालना जिल्ह्यात घरोघरी जाऊन पोहोचला. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कोणती दप्तरे तपासायची, याची यादीच निघाली. त्यात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना चौदा आणि शाळेचे दाखले होतेच. शिवाय दुय्यम निबंधकाकडची मृत्युपत्रे, इच्छापत्रे आणि दत्तकविधाने होती, आणि सैन्यात भरती होताना लिहून घेतलेल्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडच्या नोंदीही होत्या. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच, की पणजोबांच्या नावापुढे एका कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर पणतूचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहू लागली. तेव्हा तो शब्द कोणी, कशासाठी आणि कोणाला विचारून लिहिला, हे समजून घेणे भाग आहे.

पहिली अडचण येते ती दप्तर कोणते याची. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आले, परतूर परभणीतून आले. त्याआधी १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाची सत्ता होती. गावचा कागद मोडीत आणि वरचा कागद आधी फारसीत, पुढे उर्दूत, अशी रीत होती. राज्ये बदलली तशी दप्तरे फुटली. काही तहसिलीत राहिली, काही संभाजीनगरला आहेत, काही हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत.

लष्कराचे तर आणखी वेगळे. ‘पणजोबा जालन्याच्या छावणीत होते’ एवढ्याने भागत नाही, कारण या मुलखात तीन निरनिराळ्या फौजा वावरत होत्या.

पहिली कंपनी सरकारची तैनाती फौज. ती मद्रासच्या सैन्यातली. त्यामुळे जालन्यात झालेले गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने मुंबईच्या नाही, तर मद्रास इलाख्याच्या नोंदवह्यांत सापडतात. त्या वह्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. जालना जवळ म्हणून मुंबईच्या वह्या चाळत बसलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. मद्रासचा हा संबंध जुना आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या बाजूला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर जो हत्ती आहे, तो या असईचा.

दुसरी फौज हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा, असा हा मामला होता. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली आणि तेव्हाच जालन्याची छावणी उठली. तिच्यातल्या पायदळाच्या पलटणी पुढे १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाल्या आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळाले. म्हणजे मराठवाड्यातल्या छावणीत उभ्या राहिलेल्या पलटणीचा वारसा आज हिमालयाच्या कुशीत, रानीखेतच्या केंद्रात आहे. जालन्याच्या शिपायाचा माग तिकडे जातो, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येणार नाही.

तिसरी निजामाची खास स्वतःची फौज. तिचे कागद हैदराबादला शोधायचे आणि तिथे उर्दू वाचणारा माणूस बरोबर न्यायचा.

म्हणून शोध सुरू करायचा तो घरातल्या पेटीतून. जुने डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा कागद, एखादे पदक. पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली पाहा. बहुतेक जुन्या ब्रिटिश युद्धपदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर आणि पलटण मिळाली, की निम्मे काम झाले.

त्यानंतरचा कागद म्हणजे भरतीच्या वेळचा, ज्याला फौजी माणसे शीट रोल म्हणतात. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जात, वय, उंची, अंगावरची खूण आणि वारस कोण, एवढे त्यात असते. आपल्या पणजोबांच्या भुवईवर जखमेचा वण होता, हे घरात कुणाला माहीत नसते. सरकारला माहीत असते. पळून गेलेला शिपाई ओळखता यावा आणि मेलेल्याचा पगार योग्य हातात पडावा, म्हणून हे लिहिलेले. आपल्याला पणजोबा सापडावेत हा त्यामागचा हेतू नव्हता. जुना कागद वाचताना हे कायम लक्षात ठेवायला हवे.

आता जातीच्या रकान्याकडे या. इंग्रजी सैन्याने ‘लढाऊ’ आणि ‘बिनलढाऊ’ अशा जाती मानल्या होत्या. भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिका छापलेल्या होत्या; मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची बेथॅमची पुस्तिका १९०८ ची आहे. पलटणीत ‘दख्खनी मराठा’, ‘कोकणी मराठा’ अशा ठरलेल्या जागा असत. जागा ज्या नावाची, त्या नावात माणूस बसवला जाई. त्यामुळे गावच्या कागदात एक शब्द आणि फौजेच्या कागदात दुसरा, असे एकाच माणसाच्या बाबतीत घडू शकते. दोन्ही कागद खरे असतात, कारण दोन्हीकडे प्रश्न वेगळा विचारलेला असतो.

काही वेळा तर रकानाच बंद होतो. मुंबई इलाख्यात महार शिपाई पिढ्यानपिढ्या पलटणीत होते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पण १८९०च्या दशकात महारांची भरती थांबवण्यात आली. स्वतः लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. महार रेजिमेंट आली ती १९४१ मध्ये. अशा घराचा लष्करी माग आजोबांच्या पिढीत तुटलेला दिसला, तर घराणे तुटले असे समजू नये. सरकारचे धोरण तुटले होते.

आता मृत्युपत्रांकडे वळू. कंपनीच्या अमलातल्या गोऱ्यांची मृत्युपत्रे इंडिया ऑफिसच्या दप्तरात खंडच्या खंड भरून आहेत. मेलेल्या अधिकाऱ्याच्या घोड्यापासून तलवारीपर्यंत साऱ्या चिजांची यादी आणि लिलावाचा हिशेबही त्या दप्तरात सापडतो. विल्यम डॅलरिंपल या इतिहासकाराने बंगालमधली १७८० ते १७८५ ची मृत्युपत्रे पाहिली, तेव्हा तीनपैकी एकात हिंदी पत्नीसाठी, सोबतिणीसाठी किंवा तिच्या मुलांसाठी काही ना काही ठेवलेले आढळले. पुढच्या अर्धशतकात हे प्रमाण घसरत गेले.

हैदराबादचा रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक ऑक्टोबर १८०५ मध्ये कलकत्त्यात वारला. खैरुन्निसा बेगमेशी त्याचा निकाह झाला होता. तरीही मृत्युपत्रात त्याने दोन्ही मुलांना लग्नाबाहेरची मुले म्हटले, कारण इंग्रजी कायद्यापुढे तेच टिकणार होते. त्याच कागदात मुलांच्या आईचे नाव मात्र त्याने आदराने आणि प्रेमाने लिहिले. मुले तिच्यापासून आधीच दूर, विलायतेच्या जहाजावर चढली होती. एकाच कागदात कायद्यासाठी लिहिलेला शब्द आणि मनातला शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसतात. अशा बहुतेक मृत्युपत्रांत बाईला एवढेही स्थान नसे. नुसते ‘मुलाची आई’ म्हणून तिची बोळवण होई.

आपल्या हिंदू घरांत जुनी मृत्युपत्रे कमी सापडतात. त्याचे कारण सरळ आहे. एकत्र कुटुंबाची जमीन बापामागून मुलांकडे आपोआप जाई, लिहून ठेवायची गरजच नसे. ब्रिटिश मुलखातसुद्धा हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी वेगळा कायदा झाला तो १८७० मध्ये. म्हणून आपण शोधायचे ते वाटणीपत्र, दत्तकपत्र, बक्षीसपत्र आणि भाऊबंदकीच्या दाव्यातले कागद. भाऊ भांडले की वंशावळ लिहिली जाते, एकोप्याने राहिले तर कागदच होत नाही! निजामाच्या मुलखात इनामदार वारला की विरासतीची चौकशी होई. तिच्यात शजरा, म्हणजे वंशवृक्ष, मांडावा लागे आणि हक्क मान्य झाला की मुंतखब निघे. ज्यांच्या घरी इनाम होते, त्यांनी हे कागद जरूर पाहावेत.

आणि ज्यांच्या घरी इनाम नव्हते, जमीनही नव्हती, त्यांनी? इथे कागद मुका होतो. असईच्या लढाईत इंग्रजांकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ हा नेमका आकडा आपल्याला सांगता येतो. शिंद्यांच्या तोफांपाशी उभ्या असलेल्या साध्या गोलंदाजाचे नाव शोधणे मात्र फार कठीण. बसऱ्याच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या ३३ हजारांहून अधिक हिंदी शिपायांची नावे कोरलीच नाहीत; पलटणीगणिक नुसती संख्या लिहिली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या चौकशी समितीने २०२१ मध्ये ही विषमता उघडपणे मान्य केली. तोपर्यंत एका शतकातल्या चार पिढ्या ‘बसऱ्याला गेले’ एवढेच सांगत आल्या होत्या.

कागदात नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असे होत नाही. कोणत्याही कचेरीने, न्यायालयाने किंवा शेजाऱ्याने जुन्या नोंदीकडे पाहताना हे विसरू नये. तसेच नोंद सापडली म्हणजे सगळे सत्य सापडले, असेही नाही. नोंद हे एका दिवशी, एका कारकुनाने, एका कामासाठी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते.

म्हणून या रविवारी एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ वही घेऊन बसा. आजी असेल तर तिच्याजवळ आधी बसा. पणजोबांचे नाव विचारा आणि पणजीचेही विचारा, तिच्या माहेरच्या गावासकट. शीट रोलमध्ये बापाचे नाव असते, आईचे नसते. मुंतखबात बहुतेक पुरुषांची साखळी असते. पणजीचे नाव दप्तरात सहसा मिळत नाही. ते आजीच्या तोंडी आहे, आणि ते उतरवून घ्यायला आपल्या हातात फार दिवस नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)