सात्यांची वंशावळ

पावसाळ्यात दोन-चार जोराच्या सरी झाल्या, की इतवारीत टोपल्यांतून सात्या येतात. भाव मटणाशी बरोबरी करणारा, तरी टोपली लवकर रिकामी होते. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानातली अळिंबी. पाकिटातल्या बटण मशरूमशी तुलना करू नका, नागपुरात भांडण होईल.

बटण मशरूम शेडमध्ये पिकतं. सात्यांची शेती माणसाला अजून धंद्याच्या प्रमाणात जमलेली नाही. ती जमते वाळवीला, म्हणजे आपल्या उधईला. ती वारुळात स्वतःच्याच विष्ठेची स्पंजासारखी पोळी रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि खाते. पावसात तीच बुरशी माती फोडून वर येते, छत्री होऊन.

वारुळातल्या या बुरशीची एक फार जुनी छापील नोंद भारतातलीच आहे. लिनियसचा शिष्य योहान क्योनिग याने तंजावरकडची वारुळं पाहून १७७९ साली ती केली. १९४२ मध्ये रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कुळाला 'टर्मिटोमायसिस' नाव दिलं. पुढे १९७९ मध्ये एका भारतीय जातीला त्याचंच नाव मिळालं: हाइमाय. सात्या खुडणाऱ्यांचं नाव यात कुठेच नाही.

वंशावळ शोधायला मायटोकॉन्ड्रिया सोयीचे. अळिंबीचे दोन धागे जुळतात तेव्हा केंद्रकं इकडून तिकडे जातात, मायटोकॉन्ड्रिया बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात. म्हणजे गिटची एकच शाखा, मर्ज जवळपास नाहीच. २००२ मध्ये ड्यूर आनेन आणि सहकाऱ्यांनी बुरशीची आणि वाळवीची जनुकं, त्यांत मायटोकॉन्ड्रियातलीही, ताडून पाहिली. उत्तर निघालं: ही शेती एकदाच सुरू झाली, आफ्रिकेत, आणि कोणत्याही वाळवीने ती पुन्हा सोडली नाही. काळ साधारण तीन कोटी वर्षांपूर्वीचा. आपली शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची.

आता माझ्या आवडीचा भाग. माणसाचा मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम १९८१ मध्ये केंब्रिजला वाचला गेला: १६,५६९ अक्षरं. बटण मशरूमचा २०१३ मध्ये आला: १,३५,००५. आठपट! मधेमधे इन्ट्रॉन घुसलेत, कोणी साफ न केलेल्या जुन्या कोडसारखे. टर्मिटोमायसिसची गंमत २०१९ मध्ये कळली. त्यात एक लांबलचक तुकडा दोनदा येतो, दुसऱ्यांदा उलटा, आणि हे दोन मिळूनच बराचसा जीनोम व्यापतात. यंत्र डीएनए छोट्या तुकड्यांत वाचतं, जोडणी प्रोग्रॅम करतो. दोन्ही प्रती सारख्याच असल्याने तो त्यांना एकच समजतो आणि जीनोम लहान दाखवतो. खूण एवढीच, की त्या भागाचे तुकडे दुप्पट सापडतात. असा बग मी तरी आठवडाभर शोधत बसलो असतो.

पण डेटाबेसमधल्या अक्षरांपुढे कोणतं जंगल, कोणतं वारूळ, कोणता पंधरवडा हे लिहायचं तर ते खुडणाऱ्यांनाच विचारावं लागेल. 'सात्या' या एका नावाखाली किती जाती आहेत, हेही त्यांच्या नजरेला आधी कळतं. इकडे शहराभोवती ले-आऊट पडतात आणि जेसीबी पहिल्या दिवशी वारूळ सपाट करतो.

त्यातून एक पेच आहे. बहुतेक जातींत नवं वारूळ बसवणारी वाळवी बुरशीचं बियाणं आईकडून आणत नाही. आसपास उमललेल्या छत्र्यांचे बीजाणू तिच्या कामकऱ्यांना बाहेरून गोळा करावे लागतात. आणि बाजारात जास्त भाव मिळतो तो न उमललेल्या कळ्यांना.