आवाज हरवलेला पिंगळा

परवा रात्री वीज गेली म्हणून गॅलरीत बसलो होतो. समोरच्या वडावर पिंगळ्यांचं भांडण जुंपलेलं... चिर्रर्र चिर्रर्र! एकदम आजी आठवली. गावी अंधारात आम्ही घाबरलो की म्हणायची, "पिंगळा आहे रे, घुबड नव्हे. झोप आता." नुसत्या आवाजावरून!

या पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. १८७३ साली ह्यूमने (हो, तोच काँग्रेसवाला) त्याची पहिली नोंद केली. पुढे डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तो आपल्या खानदेशात मिळाला. पण १८८४ नंतर पत्ताच नाही. उरले ते संग्रहालयांतले भुसा भरलेले सात पक्षी. आता भुसा भरलेला पक्षी बोलणार कसा? रात्री रानात कान देऊन बसलं तरी ऐकायचं काय, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सालिम अली आणि रिप्ले यांनीही शोधलं, सापडला नाही.

त्यात माइनर्ट्‌झहागेन नावाच्या महाभागाने गोंधळ घातला. डेव्हिडसनचाच एक पक्षी संग्रहालयातून ढापला, पुन्हा भरला आणि वर चिठ्ठी लावली, "१९१४, मांडवी, गुजरात"! ही लबाडी पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी पकडली. मग ती खोटी जागा सोडून त्या जुन्या, खऱ्या जागी शोधायला निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ त्यांच्या चमूला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! आणि कसा, तर सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर आरामात बसलेला. हा गडी मुख्यतः दिवसा हिंडतो, दिवसा बोलतो.

पुढच्याच वर्षी रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्याच्या आवाजांचा अभ्यास केला. त्याची शीळ छोटी, गोड. आपल्या पिंगळ्यासारखी कचकच नाही. नंतर तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसातही.

मला राहून राहून वाटतं, त्या ११३ वर्षांत सातपुड्यातल्या कितीतरी आज्यांनी ती शीळ ऐकली असेल. त्यांना कुणी विचारलं असेल का?

मी तरी कुठे विचारलं? आजीला आणखी कुठले आवाज ओळखू यायचे, ते तिच्याबरोबरच गेलं. रानपिंगळा परत आला, हे काही परत यायचं नाही. आत्या, तुला काही आठवत असेल तर सांग गं. या खेपेला लिहून ठेवतो.