आजवर कधी झालं नाही!

मागे ऑनसाइटवर सिएटलला असताना एका शनिवारी आम्ही चौघं स्टीव्हन्स पासजवळच्या आयर्न गोट ट्रेलला गेलो होतो. जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारी सोपी, सपाट पायवाट. वेलिंग्टनला पोचलो तर गाव असं काही नाहीच. झाडी, एक माहितीफलक आणि काँक्रीटची एक अजस्र शेड. फलक वाचला आणि आमची बडबड बंद झाली. घरी येऊन रात्री उशिरापर्यंत त्यावरच वाचत बसलो. त्याचीच ही गोष्ट.

फेब्रुवारी १९१०. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपालाची, स्पोकेनहून सिएटलला निघाल्या आणि कॅस्केड पर्वतात बर्फामुळे अडकल्या. आधी त्या बोगद्याच्या पूर्व तोंडाशी थांबल्या होत्या. मग त्यांना बोगद्यातून अलीकडे वेलिंग्टनला आणलं. त्यानंतर लवकरच मागच्या मुक्कामावर हिमकडा कोसळला. प्रवासी जिथे जेवले होते, ती खानावळच गेली. दोघे मेले.

म्हणजे इशारा मिळाला होता. पण बर्फ थांबेना. कधीकधी तासाला फूटभर पडे. बर्फ उपसणारी यंत्रं अडकली, कोळसा संपत आला, टेलिग्राफच्या तारा तुटल्या. काही प्रवासी वैतागून चालत खाली निघून गेले. उरलेल्यांपैकी काहींचं म्हणणं होतं, गाडी परत बोगद्यात न्या. अधिकाऱ्यांनी नकार दिला. आत गारठा, ओल, आणि डबे गरम ठेवायचे तर इंजिनाच्या धुराने जीव गुदमरणार. शिवाय गाड्या उभ्या होत्या त्या उतारावरून आजवर कधीच कडा कोसळला नव्हता!

इथे जरा थांबू या. हे वाक्य खरंच होतं. फक्त दोन गोष्टी बदलल्या होत्या.

एक, वरचा डोंगर वणव्यात जळून उघडा पडला होता. बर्फाला धरून ठेवणारी झाडं गेली होती. दुसरी, हवा. शेवटच्या दिवशी बर्फाऐवजी पाऊस सुरू झाला, वारा उबदार झाला. थंडीने काकडलेल्या माणसांना बरंच वाटलं असणार, "चला, सुटलो!" खरं तर सगळ्यात वाईट बातमी तीच होती. पावसाचं पाणी बर्फावर वजन टाकतं आणि वर बर्फाच्या कणांची एकमेकांवरची पकडही सैल करतं. नवा बर्फ कमी वेळात साचलेला असेल, तर त्याला जुन्या थरावर घट्ट बसायलाही सवड मिळालेली नसते.

१ मार्चच्या पहाटे एकच्या सुमारास, विजा कडाडत असताना, विंडी माउंटनवरून सुमारे १० फूट जाडीचा थर सुटला आणि दोन्ही गाड्या खाली टाय नदीच्या दरीत ढकलल्या गेल्या. ९६ माणसं गेली. शेवटचे मृतदेह मिळाले ते जुलैमध्ये, बर्फ वितळल्यावर.

पुढे खटला झाला. ज्यूरीने कंपनीचा निष्काळजीपणा मान्य केला, पण १९१४ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. देवाची करणी, दुसरं काय!

विभागाचे सुपरिंटेंडंट जेम्स ओनील यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण ते स्वतः दिवसरात्र बर्फात राबत होते. आणि तेव्हा हिमप्रपाताचं शास्त्रच नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर वाइसफ्लुयोखला पहिली संशोधनाची खोपटी उभी राहिली ती १९३६ साली.

आज त्याच डोंगरांसाठी नॉर्थवेस्ट ॲव्हलँच सेंटर हंगामात रोज १ ते ५ अशा पातळ्यांत धोका सांगतं. रोज, कारण कालचं उत्तर आज चालत नाही. वसंतात तर सकाळचं दुपारी चालत नाही. रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि कडक गोठतो. मग पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत तो उतार सोडायचा. रात्री ढग असले तर गोधडी पांघरल्यासारखं होतं, बर्फ गोठतच नाही. अशा सकाळी बुटाचा पाय खोल रुतला की मागे फिरलेलं बरं. पुण्या-मुंबईहून एप्रिल-मे महिन्यात हिमालयात जाणाऱ्या ट्रेकर मंडळींनी एवढं तरी लक्षात ठेवावं. "गेल्या वर्षी आम्ही इथूनच गेलो होतो" हा पुरावा नव्हे.

आमच्या धंद्यातही हे वाक्य रोज ऐकू येतं. "तीन वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतंय, काही होत नाही." तीन वर्षांत लोड किती वाढला, खालचं काय काय बदललं, हे कुणी विचारत नाही. आमचं फार तर सर्व्हर पडतं, रात्री दोनला फोन येतो.

असो. परत वेलिंग्टनला गेलो तर फलक पुन्हा वाचीन. पण आधी मान वर करून उतार बघीन.