क्रोम उतरलं, काळं चढलं : गाड्यांच्या साजशृंगाराची बदलती आवड आणि त्याभोवतीचे नियम

दसरा-पाडव्याला बेळगाव, निपाणी, कोल्हापूर किंवा म्हापशाच्या कुठल्याही शोरूमसमोर थोडा वेळ उभे राहा. पूजेला लावलेल्या नव्या गाड्यांवर चकाकणारं फारसं काही दिसत नाही. जाळी काळी, चाकं काळी, आरसे काळे, टप काळा. पंचवीस वर्षांपूर्वी याच घरातल्या मोठ्यांनी नवी गाडी शोरूममधून थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात नेली असती आणि दाराच्या कडा, हँडल, आरसे, चाकांच्या कमानी, जिथे जागा मिळेल तिथे क्रोमच्या पट्ट्या लावून घेतल्या असत्या. आज तीच पट्टी पोरांना 'टॅक्सीसारखी' वाटते.

ही आवड एका रात्रीत पालटलेली नाही. गाडी कशी दिसावी हे ठरवणारा माणूस दर पिढीत बदलत गेला. आधी मालक, मग बाजारातला कारागीर आणि आता कंपनी. त्यात गेल्या बारा-तेरा वर्षांत कायद्यानेही हात घातला आहे. सीमाभागात राहणाऱ्या आणि आठवड्याला दोन राज्यांच्या पोलिसांसमोरून गाडी नेणाऱ्या माणसाला हा सगळा हिशेब ठाऊक असलेला बरा.

चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

संस्थानी काळात श्रीमंताची मोटार म्हणजे दोन वेगळ्या खरेद्या असत. इंजिन आणि चासी एका कंपनीची, तर वरची बॉडी, रंग, गाद्या, दिवे दुसऱ्या कारखान्याकडून आपल्या पसंतीने. इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्युसेनबर्ग एसजे ही अमेरिकन चासीची, पण तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. जगभरच्या जुन्या मोटारींच्या अभ्यासकांत ती आजही नावाजलेली आहे. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी असलेली १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस तर 'सिंहासन गाडी' म्हणूनच ओळखली जाते. मागची बैठक सिंहासनासारखी उंच. सहाव्या निजामांसाठी ती तयार होत होती, पण गाडी यायच्या आधीच १९११ मध्ये ते गेले. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मायबाख शाही दसऱ्याला बाहेर पडते तेव्हा ती बघायला गर्दी होते, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींची मोठी स्पर्धा भरली होती. अशा ठिकाणी परीक्षक मूळ रंग, मूळ दिवे, मूळ कातडं बारकाईने तपासतात.

म्हणजे साजशृंगार हा त्या काळी मालकाचा हुकूम होता. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

दोन गाड्या आणि लांबलचक नंबर

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटं झालं. बाजारात मुख्यतः दोनच गाड्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबेसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. दुसरी फियाट ११००, जिचं नाव १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झालं. ती मुंबईत कुर्ल्याला बनायची. पद्मिनीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पत्र्याचे छोटे उभार आहेत. त्यांचं मूळ अमेरिकेत आहे. १९४८ च्या कॅडिलॅकला लढाऊ विमानाच्या शेपटीवरून पंख दिले गेले, १९५९ पर्यंत ते हातभर उंच झाले आणि मग फॅशन ओसरली. तिकडे ओसरलेल्या फॅशनची एक बारीक खूण कुर्ल्यातून पुढची कित्येक वर्षं बाहेर पडत राहिली.

नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मिळेल ती गाडी घ्यायची. अशा बाजारात कंपनीला नटवण्याची गरजच नव्हती. ते काम गावातल्या कारागिरांनी उचललं. गादीवाला रेक्झिनच्या सीट शिवायचा, वेल्डर बंपरला गार्ड करून द्यायचा, पेंटर हेडलाइटच्या वरच्या भागावर काळा पट्टा मारायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये. मागच्या काचेला जाळीचे पडदे, डॅशबोर्डवर छोटा पंखा, सीटवर पांढरे टॉवेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या आतलं छत तर फुलापानांच्या छापील कापडाने मढवलेलं असायचं. ती शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली.

चकाकी या काळात प्रतिष्ठेची होती, आणि ती खरीखुरी होती. बंपर पोलादाचा, त्यावर निकेलचा थर आणि वर क्रोमचा अगदी पातळ मुलामा. निकेलमुळे गंज अडतो, क्रोममुळे चमक टिकते. मात्र खारी हवा या मुलाम्याची वैरीण. गोव्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाडीचा बंपर घाटावरच्या गाडीपेक्षा लवकर ठिपके धरतो, कारण मिठातलं क्लोराइड बारीक छिद्रांतून आत शिरून धातू खातं. म्हणून जुन्या मालकांना पावसाळ्याआधी बंपर पुसून मेण चोळायची सवय होती.

काळा बंपर म्हणजे गरीब मॉडेल

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि बंपर प्लास्टिकचा झाला. पुढच्या दोन दशकांत 'ट्रिम' हा प्रकार घराघरांत शिरला. स्टँडर्ड, एसी, डीएक्स, मग एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. शेजाऱ्याने कुठलं मॉडेल घेतलंय हे लांबूनच कळायचं, ते बंपर, आरसे आणि हँडलच्या रंगावरून. रंग न दिलेलं काळं प्लास्टिक म्हणजे खालचं मॉडेल. ते लपवायला लोक पेंटरकडे जाऊन सगळं बॉडीच्या रंगाचं करून घ्यायचे, वरून क्रोमची पट्टी चढवायचे.

आणि आज? काळे आरसे, काळी जाळी, काळी चाकं यांसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. २०१९ मध्ये टाटाने पुण्यात बनणाऱ्या हॅरियरची डार्क एडिशन आणली, २०२२ मध्ये ह्युंदाईने क्रेटाची नाईट एडिशन, मग बहुतेकांनी तीच वाट धरली. गंमत अशी की प्लास्टिक तेव्हाही काळंच होतं. फरक इतकाच की तेव्हाचं मातकट आणि खरखरीत होतं, आताचं पियानोसारखं गुळगुळीत आहे. त्यावर बोटांचे ठसे उमटतात, फडक्याने पुसलं तरी बारीक चरे पडतात. चोर्ला घाटातून पावसात एकदा येऊन बघा, लाल चिखलाने त्या काळ्याचा पार अवतार होतो.

क्रोम मागे पडायला आवडीइतकंच कारखान्यातलंही कारण आहे. मुलामा देताना वापरलं जाणारं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपने त्यावर निर्बंध कडक केले. जीप-फियाट ज्याच्याकडे आहेत त्या स्टेलँटिस समूहाने नव्या मॉडेलांतून चकाकतं क्रोम काढण्याचं धोरणच जाहीर केलं. काळा रंग बनवायलाही सोपा पडतो आणि 'स्पेशल एडिशन' म्हणून विकायलाही.

जीपवरून आलेला दांडगेपणा

दुसरा प्रवाह दणकट दिसण्याचा. १९९१ ची टाटा सिएरा तिच्या टपापर्यंत वळलेल्या मागच्या काचांमुळे आजही आठवते. ते नाव कंपनीने २०२५ मध्ये परत आणलं, काचेचा आभासही ठेवला. १९९४ ची सुमो. हे नाव टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातून घेतलेलं. मग बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ. ऊसपट्ट्यातल्या पुढाऱ्यांनी या गाड्यांना पुढे लोखंडी गार्ड, टपावर कॅरिअर, बाजूला फूटबोर्ड आणि सगळ्या काचांना काळी फिल्म असं रूप दिलं आणि तेच रुबाबाचं माप ठरलं. आज शहरातल्या छोट्या हॅचबॅकलाही चाकांभोवती काळं प्लास्टिक आणि खाली चंदेरी 'स्किड प्लेट' असते. ती बहुधा रंगवलेलं प्लास्टिक असते, दगडाचा मार खायला नव्हे.

इथे कायदा आडवा येतो

काळी फिल्म : सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर कुठलीही फिल्म चिकटवायला मनाई केली. काचेतून पुढून-मागून किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के उजेड जायला हवा, आणि तो कंपनीच्या काचेतूनच, अशी ही भूमिका. नंतर नियमांत 'सेफ्टी ग्लेझिंग'चा समावेश झाला, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मापात बसणाऱ्या फिल्मवर दंड करता येणार नाही असं म्हटलं. पण तो निकाल मोबाइलवर दाखवून कणकुंबी किंवा कोगनोळीच्या नाक्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फिल्म काढायला लावतील, शिवाय पावती.

लोखंडी गार्ड : डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं. कारण साधं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा आणि धक्का त्यातच जिरावा अशी रचना असते. गार्ड लावला की धक्का थेट चासीला जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरला चुकीचा अंदाज येऊ शकतो. समोर पादचारी असला तर त्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे हा प्रश्न आता खालच्या मॉडेललाही लागू.

मूळ रचनेत बदल : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंग बदलायला हरकत नाही, पण आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. पांढऱ्या गाडीला पूर्ण काळं रॅपिंग केलं आणि आरसीवर पांढराच रंग राहिला, तर अडचण पोलिसांपेक्षा विम्याच्या वेळी मोठी होते.

नंबर प्लेट : एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीकडूनच येते. 'दादा', 'राम' वाचता येतील असे वळवलेले आकडे नियमात बसत नाहीत. देवनागरीतली प्लेटही बसत नाही. सीमाभागात मराठी अक्षरांची ओढ समजण्यासारखी आहे, तरी ती मागच्या काचेवर, उजेड न अडवता, ठेवलेली बरी.

केए-२२, एमएच-०९ आणि जीए-०३ या तिन्ही पासिंगच्या गाड्यांना हे नियम सारखेच लागू आहेत, कारण कायदा केंद्राचा आहे. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम मात्र राज्यागणिक बदलते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर एनओसी घेऊन तिथलं पासिंग करून घ्यावं लागतं. अशा वेळी आरटीओचा निरीक्षक गाडी समोर उभी करून बघतो, आणि मौजेने केलेले बदल तिथेच अडकतात.

'बेस'चं 'टॉप' करताना

सध्या ॲक्सेसरीजच्या दुकानांतलं सगळ्यात चालणारं काम म्हणजे खालचं मॉडेल घेऊन टॉपसारखं करणं. मोठी स्क्रीन, कॅमेरा, रंगीत दिवे, मॅग व्हील, लेदरसारख्या सीट. पैसे वाचतात हे खरं. पण वायरी तोडून जोडल्या तर वॉरंटी जाते आणि ढिला सांधा तापून आग लागण्याची भीती असते. कनेक्टरला थेट बसणारं कपलर मागून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर कव्हर तिथे फाटेल असं शिवलेलं हवं, नाहीतर बॅग उघडायला अडथळा होतो. चाक मापापेक्षा मोठं घातलं की स्पीडोमीटर चुकतो. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला गणपती धडकेत थेट अंगावर येऊ शकतो. त्याची जागा बदलावी, एवढंच.

सनरूफबद्दल थोडं. आपल्या उन्हात तिचा उपयोग किती, हा वाद घराघरांत आहे. पण खानापूर, चंदगड, सावंतवाडीच्या पावसात एक गोष्ट नक्की. छताच्या चौकटीतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, झाडाखाली गाडी लावली की त्यांत पाला अडकतो आणि पाणी आतल्या अस्तरात उतरतं. मिरगाआधी सर्व्हिसिंगला या नळ्या साफ करायला सांगा.

जुनं परत, पण मूळ स्वरूपात

क्रोम संपलेलं नाही. ते जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे गेलंय. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये. गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोज बाजाराला नेता येत नाही. अट महत्त्वाची ही, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत.

त्यामुळे गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची साठ-सत्तरच्या दशकातली फियाट किंवा अँबेसिडर भंगारात काढण्याआधी तिच्याकडे नीट बघा. आरसी बुक सापडतं का, चासी नंबर जुळतो का, मूळ जाळी आणि बंपर जागेवर आहेत का. बंपर गंजला असला तरी फेकू नका. मुलामा पुन्हा चढवता येतो, मूळ पोलादी बंपर मिळणं अवघड असतं.